सावलीचा उजवा गुडघा

"तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

हा प्रश्न माझा नव्हता. जास्मिन मुजावर आणि प्रांजली कबाडे या माझ्या दोन मैत्रिणींनी शाळेच्या मागच्या कट्ट्यावर भडंग खाता खाता तो माझ्या गळ्यात मारला होता. "एवढी मोठी चढाईपटू ना तू? मग विचार की हिंमत असली तर," असं जास्मिन म्हणाली, आणि मी विचारणारच नाही यावर प्रांजलीनं उरलेल्या भडंगाची पैज लावली.

मी विचारला. घाबरतंय कोण! दोन वर्षांपूर्वीची केतकी म्हेत्रे असती तर गोष्ट वेगळी. ती हजेरीला 'उपस्थित' इतकं हळू म्हणायची, की बाई दोनदा मान वर करून बघायच्या. पण अकरावीतली केतकी म्हेत्रे म्हणजे चपळा मंडळाची उजवीकडून चढाई करणारी, राज्य कुमारी संघातली आणि पुढच्या आठवड्यात कबड्डी लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, जिचं नाव पुकारलं जाणार ती.

प्रश्न विचारायचा होता माझ्या सावलीला. फोन कट्ट्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर राखाडी रंगाची, चेहरा नसलेली एक मुलगी मध्यरेषेवर उभी होती. खांदे माझे. डावा पाय जरा पुढं टाकायची सवय माझी. माझ्या वेणीएवढीच वेणी.

सावलीनं थोडा वेळ घेतला. मग ती माझ्याच आवाजात म्हणाली, "उजव्या गुडघ्याची." आणि जरा थांबून, "पण कुणाला सांगू नको."

जास्मिन भडंग सांडेपर्यंत हसली. "आता गं बया! आम्हाला वाटलं झुरळ म्हणेल, नाहीतर गणिताचे पाटीलसर म्हणेल!"

मीही हसले. पण हसताना माझं लक्ष माझ्या गुडघ्याकडं गेलं. आजवर त्याला खरचटण्यापलीकडं काहीही झालेलं नव्हतं.

*

सावली म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आपण पाऊल उचलतो, त्याच्या आधी पोटरीचा स्नायू किंचित ताणला जातो. त्याच्याही आधी कंबर वळायच्या तयारीला लागते. या सगळ्या हालचालींना बारीकशी वीज लागते, आणि ती कातडीवर मोजता येते. आमच्या जर्सीच्या कापडात तिच्यासाठी धातूचे तंतू विणलेले असतात. गळ्याला एक पातळ पट्टी असते. पूर्वी चढाई करणारीचा 'कबड्डी कबड्डी'चा दम मध्येच तुटला का, हे पंच कानांनी ऐकायचे. आता ती पट्टी सांगते. त्यामुळं दमही मोजला जातो आणि आवाजही साठतो.

नवी जर्सी अंगात घातली, की पहिल्या आठवड्यात ती माणसाची ओळख करून घेते. हाडं किती लांब, कुठला पाय धीट, कुठला भित्रा. त्याला पाया म्हणतात. मग वर्ष-दोन वर्षांच्या सरावातून त्या पायावर यंत्र एक अख्खं माणूस उभं करतं. ते माणूस यंत्राच्या आत हजारो सामने खेळतं, पडतं, उठतं, वयानं वाढतं. आज सोळा वर्षांची असलेली मुलगी पंचविसाव्या वर्षी कशी खेळेल ते आजच दिसतं. संघ आता मुलींच्या चाचण्या घेतच नाहीत. सावल्या बघतात.

आमच्या इचलकरंजीत हे कुणाला फार नवं वाटत नाही. पप्पा जॉबर आहेत, म्हणजे यंत्रमागांची दुरुस्ती करतात. नव्या मागांना सूत तुटायच्या आधीच कळतं आणि ते आपोआप थांबतात. सगळे कौतुक करतात. पप्पा मात्र एकदा जेवताना म्हणाले होते, "तुटायच्या आधीच थांबला म्हणता. मग ते तुटणारच होतं, हे कशावरून?" आई म्हणाली, "जेवा आता," आणि विषय संपला.

माझी पहिली जर्सी आली तेव्हा अख्खं मंडळ बघायला जमलं होतं. आमच्याकडं रीत आहे, नवी जर्सी आधी थोरलीनं घालायची. थोरलीचा घाम मुरला की जर्सी शहाणी होते, मग ती धाकटीला द्यायची. मंडळात थोरली म्हणजे रेश्माताई. रेश्मा माळी. लीगमध्ये 'पंचगंगा वाघिणी' या कोल्हापूरच्या संघातून खेळते आणि सुट्टीला गावी आली की आम्हाला शिकवते. मला 'बारके' म्हणते. मला बोलायला तिनंच शिकवलं. "चढाईत तोंड मिटलं की मेलीस, बारके. बाहेरपण तसंच," असं म्हणायची. मी तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही.

*

ड्राफ्टचा नियम सोपा आहे. गेल्या हंगामात जो संघ शेवटी राहिला, त्यानं पहिली निवड करायची. यंदा शेवटी राहिला होता नागपूरचा 'वैनगंगा वादळ', म्हणून पहिला नंबर त्यांचा. पंचगंगाचा सहावा. मला फार तर चौथ्या-पाचव्या नंबराला कुणीतरी घेईल असा सगळ्यांचा अंदाज होता. आई, पप्पा आणि मी पुण्याच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलो होतो. आई ठेवणीतली साडी नेसली होती आणि एसीनं कुडकुडत होती.

सूत्रसंचालक व्यासपीठावर आला, चिठ्ठी उघडली आणि वाचता वाचता अडखळला.

"पहिल्या निवडीचा हक्क वैनगंगा वादळनं अदलाबदलीत दिला आहे. हक्क आता पंचगंगा वाघिणींकडे."

सभागृहात 'ओऽऽ' असा आवाज उठला. पहिला नंबर मिळवायचा म्हणजे मोठं काहीतरी द्यावं लागतं. काय दिलं? पडद्यावर अक्षरं आली. पंचगंगानं दिलं होतं : पुढच्या वर्षीची पहिली निवड. आणि रेश्मा माळी.

आणि लगेच खाली : पहिली निवड, केतकी म्हेत्रे.

पप्पांनी मला उचललंच. आई रडत होती. खरं सांगते, मीपण नाचले. पहिला नंबर! वाघिणींची लाल जर्सी! व्यासपीठाकडं जाताना खेळाडूंच्या रांगेत रेश्माताई दिसली. दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होती. तिला स्वतःलाही तेव्हाच कळलं होतं. मी जवळ गेले तर तिनं माझा गालगुच्चा घेतला. "माझ्या बदल्यात तू, बारके. स्वस्तात गेलो म्हण की मी." मग हसली. हसताना एक हात तिनं खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता, भार देऊन.

मला घेऊन जायला अंतरकर मॅडम आल्या. त्या वाघिणींच्या सावलीघराच्या प्रमुख. केस पांढरे, बूट लाल, बोलणं झपाझप. "रविवारी तुमच्या घरी येऊ सह्यांना," त्या पप्पांना म्हणाल्या. "मुलगी अठराच्या आत आहे, त्यामुळं तिची आणि तुमची, दोन्ही सह्या लागतील. तोवर हिला आमच्याकडं सरावाला पाठवा."

"आणि सही नाही केली तर?" मी विचारलं. उगाच, तोंड उघडं असलं की प्रश्न बाहेर येतात म्हणून.

मॅडम हसल्या. "तर अदलाबदल रद्द, जो तो आपापल्या जागी परत. तू एक वर्ष बाहेर. आणि कायद्यानं तुझी सावली पुसावी लागेल. सावली नसलेल्या मुलीकडं पुढच्या वर्षी कोण बघणार? त्यामुळं असं अजून कुणी केलेलं नाही."

*

संघानं घरच्यांसाठी सावलीची एक खिडकी आईच्या फोनवर उघडून दिली. मुलीची काळजी वाटू नये म्हणून. मी रोज कोल्हापूरला सरावाला जायचे, संध्याकाळी यायचे, आणि दमून थेट झोपायचे. आई सावलीशी बोलायला लागली.

आधी नुसतं, पोचली का, जेवली का. मग एका सकाळी मी उठून स्वयंपाकघराकडं आले, तर आतून माझाच आवाज येत होता.

"पोहे कर गं आई. शेंगदाणे जरा जास्त."

मी दारातच थांबले. आमच्याकडं मुलीसुद्धा 'आलो-गेलो' असंच बोलतात. लिहिताना मी बाईंच्या धाकानं 'आले-गेले' लिहिते एवढंच. तर सावलीही अगदी तशीच. आईनं विचारलं, "आणि काल गप्प का होतीस?" आणि ती म्हणाली, "दमलो होतो गं. तुझ्यावर न्हाई चिडलो."

आईनं कढईत फोडणी टाकली. चेहरा असा निवांत, की मी तो कित्येक दिवसांत पाहिला नव्हता.

"आई, मी इथं आहे की," मी म्हणाले.

"हो गं, माहितेय. तुला विचारलं की तू वसकन अंगावर येतीस. ही शांतपणे सांगती."

मी पोहे खाल्ले. चांगले झाले होते. मला खरंच पोहेच हवे होते. का ऐकलं म्हणून हवेसे झाले? पप्पांच्या त्या तुटणाऱ्या सुतासारखंच झालं. शोधायला गेलं की टोक हाती लागायचं नाही.

आणि त्याच दिवशी जिना उतरताना माझा उजवा गुडघा पहिल्यांदा दुखला.

*

सावलीघर म्हणजे एक मोठं, थंड दालन. मधोमध मॅट, तीन बाजूंना भिंतीएवढे पडदे. मी मॅटवर चढाई करायची आणि पडद्यावर सावली माझ्याआधी अर्धा श्वास तीच चढाई करायची. माझा हात निघायच्या आत तिचा निघालेला. आधी मला चेव आला. तिला चकवायचं म्हणून मी ऐनवेळी उजवीकडं वळले. ती आधीच उजवीकडं होती.

"भांडू नकोस तिच्याशी," अंतरकर मॅडम काचेमागून म्हणाल्या. "तीच तू आहेस. फक्त थोडी मोठी."

मग त्यांनी मला पंचवीस वर्षांची केतकी दाखवली.

काय सांगू! पडद्यावरची ती राखाडी मुलगी समोरच्या सातजणींत अशी फिरत होती, जशी आई गर्दीच्या बाजारात फिरते, कुणाला धक्का न लावता आणि हवं ते घेऊन. एकही पाऊल वाया नाही. उगाच उडी नाही. माझ्यासारखा धसमुसळेपणा तर नाहीच. आणि दम! 'कबड्डी कबड्डी' अखंड चालू. चढाई संपली, ती मध्यरेषेवर परत आली, तरी चालूच. सावलीला श्वास लागत नाही. कुणी बंद करेपर्यंत ती माझ्या आवाजात तशीच म्हणत राहिली.

"हे बघून आम्ही पहिला नंबर घेतला," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे खरोखर चमकत होते. "बाकीच्या मुलींच्या सावल्या वाढतात, पण त्या मुलीच राहतात. तुझ्या सावलीत एक पोक्त खेळाडू आधीच बसलेली आहे. उजव्या पायावर भार कसा वाचवते बघ. ही समज दहा वर्षं खेळल्यावर येते. तुझ्यात ती आत्ताच आहे, खोल कुठंतरी. आम्ही फक्त वर आणायची."

मी अभिमानानं फुलले होते. म्हणून एक गोष्ट नीट बघूनही मनात अडकली नाही. चढाईआधी सावली वाकली आणि तिनं मध्यरेषेला हात लावून कपाळाला नेला, सगळेच नेतात तसा. पण तो हात डावा होता. मी उजवा लावते.

तीन-चार दिवसांत माझा खेळ बदलला. मी उड्या मारेनाशी झाले. उजव्या पायावर उतरताना अंग आपोआप आखडायचं. डॉक्टरांनी गुडघा तपासला, यंत्रात घालून बघितला. काही नाही, ठणठणीत. तरी दुखायचा. आईनं हळदीचा लेप लावला. मॅडम खूष होत्या. "तुझ्यातलं आणि तिच्यातलं अंतर मिटत चाललंय," त्या म्हणाल्या.

जास्मिनला मात्र वेगळंच दिसलं. शाळेच्या फाटकातून मी आत येत होते, तर ती प्रांजलीला ढोसून म्हणाली, "ही बघ कशी चालालीय. लग्न झालेल्या थोरल्या बहिणीसारखी."

"गप गं," मी म्हणाले.

"बघ! 'गप गं'पण हळूच म्हणाली. आमची केतकी कुठं गेली, ती दे परत."

ती चेष्टाच करत होती. मी मात्र वर्गात जाऊन बसले आणि तासभर एक शब्द बोलले नाही. हजेरीला बाईंनी दोनदा मान वर केली.

*

आमच्या गावात मागांचा खडखडाट इतका सवयीचा आहे, की आठवड्याच्या सुट्टीला ते बंद झाले की कानात काहीतरी पोकळ झाल्यासारखं वाटतं. त्या सुट्टीच्या दुपारी मी मंडळाच्या मैदानावर गेले. सूतगिरणीच्या भिंतीमागं आहे ते. गावात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी एकटंच 'कबड्डी कबड्डी' म्हणत होतं.

माझ्या अंगावर काटा आला. पण ती रेश्माताई होती. रविवारी माझ्या सह्या झाल्या की ती नागपूरला निघणार होती.

"आलीस व्हय? ये. म्हटलं जाताना मैदानाला भेटून जावं."

"मी आत उभी राहतो, ताई. घे माझ्यावर चढाई."

"चल."

आमच्या मंडळात चढाई करणारी मध्यरेषेला नमस्कार करते, तेव्हा समोरच्यांनी डोळे मिटायचे असतात. तिचा आणि मातीचा तो क्षण असतो, आपण बघायचं नाही. लहानपणापासून मी मिटत आले. त्या दिवशी का कोण जाणे, उघडे ठेवले.

रेश्माताई वाकली. सगळा भार डाव्या पायावर. उजवा गुडघा दगडाचा असल्यासारखा सरळ. तिनं डाव्या हातानं रेषेला स्पर्श केला आणि तो कपाळाला नेला.

मी राखाडी मुलीकडं बघत होते. फक्त आता तिला चेहरा होता.

"ताई," मी म्हणाले, "उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?"

नुकतंच सुरू केलेलं 'कबड्डी' मध्येच अडकलं. तिचा दम तुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा दम तुटलेला ऐकला.

"तुला कुणी सांगितलं?"

"मीच सांगितलं. म्हणजे, माझ्या सावलीनं."

आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. कट्ट्यावरचा प्रश्न, डावा हात, पोक्त खेळाडू. बोलता बोलता माझ्याच डोक्यात एकेक टाका बसत गेला. माझी नवी जर्सी. पहिला आठवडा. आधी थोरलीनं घालायची. यंत्रानं पहिल्या आठवड्यात ज्या अंगाची ओळख करून घेतली, ते अंग माझं नव्हतंच. दरवर्षी नवी जर्सी आली, दरवर्षी ताईनंच आधी घातली. पाया तिचा आणि भिंती माझ्या. मी पंचवीस वर्षांची झाल्यावर कशी खेळेन, हे यंत्रानं शोधून काढलंच नव्हतं. त्याच्याकडं पंचविशीतली एकजण आयती होती. आणि ताईची स्वतःची सावली कधी कुणी केलीच नाही, कारण सावल्या फक्त नव्या मुलींच्या करतात.

म्हणजे पंचगंगानं ज्या खेळाडूसाठी पहिला नंबर मिळवला, तिलाच त्या नंबराच्या बदल्यात देऊन टाकलं होतं.

ताईला आधी हसू फुटलं. खूप हसली. मग डोळे पुसले. "शहाणी झाली म्हणायची जर्सी. जरा जास्तच."

"आपण मॅडमना सांगू या. त्या तुला परत घेतील."

"आणि गुडघ्याचं काय सांगणार? तोच तर त्यांना आवडलाय." ती माती चिमटीत धरून सोडत राहिली. "हे बघ बारके, कोल्हापुरात मी जुनी आहे, मला कुणी तपासत नाही. पट्टी बांधून अजून दोन हंगाम निघाले असते. मग मुलींना शिकवायची जागा द्यायचं कबूल केलंय त्यांनी. नागपूरला पहिल्याच दिवशी तपासणी आहे. गेलो की कळणार. कळलं की घरी."

"मग?"

"मग काही नाही. तू सही कर. गप सही कर आणि खेळ. माझ्यापायी तुझं वाटोळं झालं तर मी तोंड दाखवणार नाही तुला."

ती उठली. उठताना तिनं माझ्या खांद्यावर हात टेकला, भार देऊन. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती लाडानं ठेवते.

*

रविवार उजाडला. पप्पांनी शेजारच्यांच्या खुर्च्या आणून मांडल्या. दहाला मॅडम येणार होत्या. मी गच्चीवर गेले, फोन कठड्यावर ठेवला आणि सावलीला विचारलं, "मी आज सही करणार का?"

"हो," ती म्हणाली. लगेच. विचार करायला जराही न थांबता.

"का?"

"थोडे हंगाम उरलेत. गुडघा आहे तोवर खेळून घ्यायचं."

"किती वय आहे तुझं?"

पडद्यावर ती राखाडी मुलगी एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत राहिली. मग माझ्याच आवाजात, पण इतक्या दमलेल्या स्वरात की तो माझा वाटेना, ती म्हणाली, "तू सांग. मला नीट कळत नाही."

खोटं का सांगू, मला तिची कीव आली. आणि भीतीही वाटली, कारण माझा गुडघा त्याच क्षणी ठणकला. तिचा ठणका. ताईचा ठणका. तारेतून फिरून माझ्या पायात येऊन बसलेला. मी सही केली तर तो कायमचा माझा होणार होता. सगळे कौतुक करत राहणार आणि मी थोडी थोडी करून तिच्या मापात बसणार. आई पोहे करणार.

मी फोन पालथा घातला. डावा पाय वर उचलून मागं दुमडला. आणि उजव्या पायावर, एकट्या उजव्या पायावर, लंगडी घालायला लागले.

पहिल्या उडीला कळ मस्तकात गेली. दुसऱ्या उडीला कमी. अख्खी गच्ची ओलांडेपर्यंत ती कळ गोंधळली असावी, की आपण नक्की कुणाच्या अंगात आहोत. मग मी कठड्याला धरून जिनाही लंगडीतच उतरले, धाडधाड, दोनदा पडता पडता. दम लागला. छाती भात्यासारखी हलायला लागली. दम लागतो आहे याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात पोचले तेव्हाही मी एकाच पायावर होते. पप्पा ओट्याला टेकून चहा पीत होते. आईच्या हातात पोह्यांची चाळण.

"पोरी, अगं पडशील!" पप्पा म्हणाले.

"आई, पप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय. मी सही करणार न्हाई."

आईनं चाळण खाली ठेवली. ओट्यावरच्या फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पण केतू," ती गोंधळून म्हणाली, "सकाळीच तर हो म्हणालीस. मी विचारलं तुला."

मी दुसरा पाय खाली टेकवला. मोठा श्वास घेतला, छाती भरेपर्यंत, चढाईआधी घेतात तसा.

"ती म्हणाली असेल, आई. मी न्हाई म्हणतो. सही केली नाही की रेश्माताई परत आपल्या संघात येती, आणि मी एक वर्ष घरी. सावली पुसतील, पुसू देत. पुढच्या वर्षी मी सावलीशिवाय उभी राहणार, बघायचं त्यांनी डोळ्यांनी बघायचं. कुणी न्हाई घेतलं तर त्याच्या पुढच्या वर्षी. मॅडम आल्या की मीच सांगतो त्यांना, तुम्ही फक्त माझ्या बाजूला उभे रहा. आणि आई, आजपासून काय पाहिजे ते मला विचारायचं. मी वसकन अंगावर येईन, तरी मलाच विचारायचं. आज मला उप्पीट पाहिजे."